४० मीटर रिसीव्हरची डायनॅमिक रेंज : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

पुण्यात संध्याकाळ झाली की हौशी रेडिओचा ४० मीटर पट्टा, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, ऐकण्याजोगा राहत नाही, अशी तक्रार घरी रेडिओ बांधणारे अनेक जण करतात आणि दोष बहुधा अँटेनाला किंवा शेजारच्या इन्व्हर्टरला देतात. माझा संशय रिसीव्हरवरच आहे. आपल्या भागात ७.२ मेगाहर्ट्झच्या लगेच वर लघुलहरी प्रसारणाचा पट्टा सुरू होतो. तिथली केंद्रे शेकडो किलोवॅट शक्तीने बोलत असतात आणि आपल्या इनपुट फिल्टरची कड त्यांना अडवण्याइतकी तीव्र नसते. त्यामुळे अतिशय मंद आणि अतिशय प्रबळ असे दोन्ही संकेत पहिल्या मिक्सरपर्यंत, म्हणजे संकेताची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागापर्यंत, एकत्रच पोहोचतात. मिक्सर या दोन टोकांमधले किती अंतर सहन करतो, म्हणजेच डायनॅमिक रेंज किती, हे मोजणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे.

मोजायचा संच सिंगल कन्व्हर्जन सुपरहेट आहे, म्हणजे त्यात आलेला संकेत एकदाच बदलून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) आणला जातो. इनपुटला ठरावीक पट्टाच पुढे सोडणारा तीन कॉइलचा बँडपास फिल्टर, त्यानंतर एसए६१२ मिक्सर, ९ मेगाहर्ट्झच्या आसपास सहा क्रिस्टलांचा ५०० हर्ट्झ रुंदीचा लॅडर फिल्टर आणि शेवटी आयएफ व ऑडिओ विभाग अशी त्याची रचना आहे. मिक्सरला दुसरी फ्रिक्वेन्सी पुरवणारा लोकल ऑसिलेटर एसआय५३५१ या चिपचा असून तो १६ मेगाहर्ट्झच्या थोडा वर चालतो. पुढे याच संचात एसए६१२ च्या जागी एडीई-१ डायोड रिंग मिक्सर बसवून सर्व मोजमापे पुन्हा घ्यायची आहेत.

डायनॅमिक रेंज म्हणून एकच आकडा सांगण्याची पद्धत मला मान्य नाही. खालची मर्यादा रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज ठरवतो, ही गोष्ट सगळ्या मोजमापांत सारखी असते. वरची मर्यादा मात्र तीन वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकते. दोन प्रबळ संकेतांच्या मिश्रणातून नवा खोटा संकेत जन्मतो, किंवा लोकल ऑसिलेटरचा फेज नॉइज (त्याच्या सुराभोवतीची खरखर) प्रबळ संकेताच्या आधाराने आपल्या फिल्टरमध्ये उतरतो, किंवा संचाचे गेन (संकेत वाढवण्याची क्षमता) सरळ दबते. तिन्हींचे आकडे वेगळे निघतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात, म्हणून तिन्ही मर्यादा स्वतंत्रपणे मोजणार आहे.

१६ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस संकेतस्रोतांवर गेला. रिसीव्हरच्या आधी स्रोताची परीक्षा व्हायला हवी, कारण शंभर डेसिबलच्या (दर दहा डेसिबलला शक्ती दहापट) फरकाचे मोजमाप करताना स्रोतातील किरकोळ दोषही रिसीव्हरच्या नावावर जमा होतो. बाजारातल्या साध्या सिंथेसाइज्ड जनरेटरचा फेज नॉइज आमच्या ऑसिलेटरइतकाच असू शकतो आणि मग कोण कोणाला मोजत आहे हे कळत नाही. म्हणून दोन्ही स्रोत क्रिस्टल ऑसिलेटरचेच केले आहेत. वीस किलोहर्ट्झ अंतरासाठी ७.०३० आणि ७.०५० मेगाहर्ट्झची जोडी आहे. दोन किलोहर्ट्झ अंतरासाठी ७.००० मेगाहर्ट्झचे दोन क्रिस्टल घेतले आहेत आणि त्यांपैकी एकाला मालिकेत कॉइल जोडून ६.९९८ मेगाहर्ट्झवर खाली ओढले आहे.

प्रत्येक ऑसिलेटरमागे बफर, लो-पास फिल्टर आणि संकेत १० डेसिबलने कमी करणारे रोधकांचे पॅड आहे. त्यानंतर दोन्ही संकेत ६ डेसिबल हायब्रिड कंबाइनरमध्ये एकत्र येतात. ही सगळी काळजी एका ऑसिलेटरचा संकेत दुसऱ्याच्या बफरमध्ये शिरू नये यासाठी आहे. तो शिरला तर खोटे मिश्रण स्रोतातच तयार होते. पॅडसाठी ९६.२ आणि ७१.२ ओहम हवे असतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे आकडे मागून मिळणार नाहीत, पण एक टक्का अचूकतेचा १०० ओहम आणि त्याला समांतर २.७ किलोओहम लावला की ९६.४ होतात, आणि ६८ सोबत ३.३ मालिकेत लावला की ७१.३ होतात. एवढी जवळीक पुरेशी आहे.

पातळीचे कॅलिब्रेशन ऑसिलोस्कोपवर केले. ५० ओहमच्या टर्मिनेशनवर २०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक म्हणजे उणे १० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). कंबाइनरच्या आउटपुटला प्रत्येक सूर बरोबर एवढा येईल असे पॅड जुळवले आहे. यापुढचे सगळे आकडे संकेत टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या स्टेप अ‍ॅटेन्युएटरच्या बेरजेवर अवलंबून राहणार असल्याने त्याचा प्रत्येक टप्पा एडी८३०७ च्या पॉवर मीटरवर स्वतंत्रपणे तपासला. सर्वांत मोठी तफावत २० डेसिबलच्या एका टप्प्यात ०.४ डेसिबलची निघाली. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली असून प्रत्येक बेरजेत धरणार आहे.

२३ नोव्हेंबर २०२४

गळतीचा बंदोबस्त केला. संचाची खालची मर्यादा जिथे अपेक्षित आहे ते उणे १३७ डीबीएम म्हणजे किती कमी, याची कल्पना हा भाग हाताळल्याशिवाय येत नाही. उणे १० डीबीएमच्या स्रोतातून १२७ डेसिबल कमी करून हा संकेत केबलने पोहोचवायचा, आणि तोच ऑसिलेटर टेबलावर दोन हात अंतरावर चालू असताना हवेतून किंवा वीजपुरवठ्याच्या तारेतून त्याचा अंशही रिसीव्हरपर्यंत जाऊ द्यायचा नाही, अशी ही अट आहे.

कॉपर-क्लॅड बोर्डाचे डबे करून त्यांच्या सगळ्या कडा आतून सलग सोल्डर केल्या. झाकण पितळी पत्र्याचे असून ते कडेच्या पट्टीवर दर दोन सेंटिमीटरला स्क्रूने आवळले आहे. वीज आतल्या बॅटरीतून घेतली आहे, त्यामुळे डब्याबाहेर एकच बीएनसी कनेक्टर येतो. आरजी-५८ केबलऐवजी दुहेरी जाळीची आरजी-२२३ वापरली. अ‍ॅटेन्युएटरच्या प्रत्येक कप्प्यात पडदा आहे आणि एका कप्प्यात २० डेसिबलपेक्षा जास्त घट ठेवलेली नाही, कारण त्याहून अधिक घट मागितली की संकेत टॉगल स्विचच्या अंगावरून उडी मारून पलीकडे जातो.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. स्रोत चालू ठेवून रिसीव्हरच्या तोंडाची केबल काढायची, तिथे ५० ओहमचे टर्मिनेशन लावायचे आणि स्रोताची फ्रिक्वेन्सी ऐकायची. झाकणाचे स्क्रू बोटांनी फक्त टेकवलेले होते तोवर सूर स्पष्ट ऐकू येत होता आणि डब्यावर तळहात ठेवला की त्याची पातळी बदलत होती. स्क्रू पानाने आवळत गेलो तसतसा तो विरत गेला, आणि सगळे आवळल्यानंतर ऑडिओच्या स्पेक्ट्रमवर मिनिटभर सरासरी घेऊनही त्याचा मागमूस उरला नाही. आता मोजायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर २०२४

एसए६१२ असलेल्या संचाची खालची मर्यादा मोजली. एजीसी (गेन आपोआप जुळवणारी सोय) बंद केले, तोंडाला ५० ओहम लावले आणि ऑडिओचे ट्रू-आरएमएस वाचन घेतले. त्यानंतर संकेत देऊन तो इतका वाढवला की वाचन ३ डेसिबलने चढले. त्या क्षणी संकेताची शक्ती संचाच्या नॉइजइतकी असते. या कामाला साधा एसी मीटर चालत नाही. तो सरासरीवर चालतो आणि साइन वेव्हसाठी आखलेला असल्यामुळे नॉइज सुमारे एक डेसिबल कमी दाखवतो, आणि संकेत व नॉइज एकत्र असताना ही चूक सारखी राहत नाही.

उत्तर उणे १३७ डीबीएम आले. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी मांडलेल्या नियमानुसार सामान्य तापमानाला कोणताही रोधक दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम एवढा नॉइज देऊ शकतो. ५०० हर्ट्झसाठी त्यात २७ डेसिबल मिळवले की उणे १४७ होतात. म्हणजे संचाची नॉइज फिगर, या आदर्श मर्यादेपेक्षा वर असलेला त्याचा नॉइज, १० डेसिबल आहे. बँडपास फिल्टरमधली घट आणि एसए६१२ चा स्वतःचा नॉइज लक्षात घेता हे अपेक्षित होते.

७ डिसेंबर २०२४

दोन सुरांची चाचणी. ७.०३० आणि ७.०५० हे दोन्ही सूर समान पातळीवर दिले आणि रिसीव्हर ७.०१० वर लावला, कारण पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की ७.०१० येते. तिथे प्रत्यक्षात कोणताही स्रोत नाही, तरी सूर ऐकू येतो. हा खोटा सूर उणे १३७ डीबीएमच्या संकेताएवढा होईपर्यंत दोन्ही स्रोत वाढवले, तेव्हा प्रत्येक स्रोत उणे ५६ डीबीएमवर होता. फरक ८१ डेसिबल. तृतीय क्रमाचा इंटरसेप्ट (खोटा सूर मूळ सुरांएवढा होईल अशी काल्पनिक पातळी) यावरून उणे १५.५ डीबीएम येतो, आणि एसए६१२ च्या माहितीपत्रकातील आकडा याच्या अगदी जवळचा आहे.

हा सूर रिसीव्हरच तयार करतो याचा पुरावा स्वतंत्रपणे घेतला. रिसीव्हरच्या तोंडाशी १० डेसिबलचे पॅड घातले. खोटा सूर स्रोतातून येत असता तर तो १० डेसिबलने कमी झाला असता. तो ३० डेसिबलच्या आसपास खाली आला, कारण तृतीय क्रमाचे मिश्रण मूळ संकेतांच्या एका डेसिबलमागे तीन डेसिबलने बदलते. सूर उणे ६० पासून उणे ४५ डीबीएमपर्यंत पाच-पाच डेसिबलनी वाढवून आलेख काढला असता त्याचा चढ २.९ ते ३.० मध्ये राहिला. जे कोणी घरी ही चाचणी करतील त्यांनी हे पॅड घालून पाहिल्याशिवाय आपला आकडा कोणाला सांगू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

१४ डिसेंबर २०२४

आज अँटेना जोडली, कारण प्रयोगशाळेतले ८१ डेसिबल संध्याकाळी साडेआठ वाजता पुरतात का हे पाहायचे होते. गच्चीवरच्या डायपोलवरून, बँडपास फिल्टरच्या पलीकडे, प्रसारण पट्ट्यातील सर्वांत प्रबळ वाहक (केंद्रांचे मूळ संकेत) उणे ३० डीबीएमच्या आसपास आढळले. असे दोन वाहक ७.२५० आणि ७.३५० वर असतील तर त्यांचे मिश्रण ७.१५० वर, म्हणजे बरोबर आपल्या पट्ट्यात पडते. उणे ३० ची तिप्पट उणे ९०, त्यातून इंटरसेप्टची दुप्पट वजा केली की या खोट्या संकेताची पातळी उणे ५९ डीबीएम येते. एस-मीटरच्या, म्हणजे रिसीव्हरवरच्या संकेतपातळीच्या मापकाच्या, भाषेत एस-नऊच्याही १४ डेसिबल वर! आणि हे मिश्रण एकाच जागी पडत नाही. केंद्रांच्या अनेक जोड्यांची अनेक मिश्रणे बोलण्याच्या आणि संगीताच्या तुकड्यांसह सगळ्या पट्ट्यावर पसरतात. इन्व्हर्टरला दोष देणाऱ्यांना ऐकू येते ते हेच.

याच बैठकीत अँटेनावरचा नॉइजही मोजला, आणि या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा तोच आहे. शांत फ्रिक्वेन्सीवर ५०० हर्ट्झमध्ये तो उणे ९७ डीबीएम निघाला. निवासी भागासाठी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत जे सूत्र दिलेले असते त्यातून ७ मेगाहर्ट्झला जवळपास हेच उत्तर येते. म्हणजे आमचा संच उणे १३७ पर्यंत ऐकू शकतो आणि पुण्यातील अँटेना त्याला उणे ९७ च्या खालचे काही ऐकूच देत नाही. खालच्या बाजूची ४० डेसिबलची क्षमता वाया जात आहे.

मग तोंडाशी २० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर घालून पाहिले. नॉइज उणे ११७ वर उतरला, तरी तो संचाच्या नॉइजच्या २० डेसिबल वर राहिला. अर्थात मंद संकेत काहीही गमावत नाहीत. खोटी मिश्रणे मात्र ६० डेसिबलने घसरून उणे ११९ वर, नॉइजखाली गेली. पट्टा तत्काळ स्वच्छ झाला. सांगलीचे एक अनुभवी हॅम (हौशी रेडिओचालक) मित्र त्याच वेळी हवेवर होते. आवाज तेवढाच आहे आणि मागची गर्दी नाहीशी झाली, हे मी त्यांना कळवले तेव्हा त्यांनीही आपल्या संचाचे अ‍ॅटेन्युएटर चालू केले आणि तोच अनुभव सांगितला. शहरात राहणाऱ्याने नवा मिक्सर विकत घेण्याआधी तीन रोधकांचे हे पॅड लावून पाहावे.

२१ डिसेंबर २०२४

हा उपाय सगळीकडे पुरत नाही. गावाबाहेर, डोंगरावरच्या शेतात बॅटरीवर संच चालवला तेव्हा अँटेनाचा नॉइज उणे ११६ डीबीएम होता. तिथे २० डेसिबलचे पॅड घातले की तो उणे १३६ वर, म्हणजे संचाच्या स्वतःच्या नॉइजशी बरोबरीला येतो आणि मंद संकेत सुमारे अडीच डेसिबल गमावतात. पॅड कमी केले की मिश्रणे परततात. ज्या जागी खरोखर ऐकण्यासारखे काही असते तिथेच हा मिक्सर अपुरा पडतो. डायोड रिंगचे काम म्हणूनच पुढे न्यायचे ठरवले.

४ जानेवारी २०२५

एडीई-१ बसवला. त्याला लोकल ऑसिलेटरची अधिक ७ डीबीएम शक्ती लागते आणि तो ५ ते ६ डेसिबल घट करतो. डायोड मिक्सर भारतातल्या घरगुती बांधणीकारांना नवा नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या संचामुळे तो अनेकांच्या टेबलावर पोहोचला आहे. त्याच्या आउटपुटला मात्र सर्व फ्रिक्वेन्सींवर ५० ओहम दिसले पाहिजेत. क्रिस्टल फिल्टर आपल्या पट्ट्याबाहेर सगळे परतवतो, आणि ते परतलेले संकेत डायोडांत पुन्हा मिसळून इंटरसेप्ट खाली आणतात. म्हणून मिक्सरनंतर डायप्लेक्सर (पट्ट्याबाहेरच्या संकेतांनाही ५० ओहम दाखवणारे फिल्टर) आणि ५० मिलिअँपिअरवर चालणारा २एन५१०९ चा अँप्लिफायर घातला. या ट्रान्झिस्टरला डोक्यावर हीट सिंकची टोपी लागते. टोपीशिवाय त्याला बोट लावता येत नाही.

खालची मर्यादा उणे १३२ डीबीएम निघाली. आधीपेक्षा ५ डेसिबल वाईट, पण डोंगरावरच्या उणे ११६ पुढेही १६ डेसिबल शिल्लक आहेत, त्यामुळे हा तोटा कागदावरच राहतो. वीस किलोहर्ट्झ अंतरावर दोन सुरांची चाचणी घेतली : प्रत्येक सूर उणे ३५ डीबीएम, फरक ९७ डेसिबल, इंटरसेप्ट अधिक १३.५ डीबीएम. संध्याकाळच्या त्याच दोन वाहकांचे मिश्रण आता उणे ११७ वर येईल. पॅड न लावताही ते शेतातल्या नॉइजखाली जाते.

एक गोष्ट वाचनात लगेच दिसली. सूर उणे ३५ वर असताना खोट्या सुराभोवतीचा नॉइजही वर उठत होता. ऑडिओच्या स्पेक्ट्रमवर सूर आणि नॉइज वेगळे करूनच ९७ चा आकडा घेता आला.

११ जानेवारी २०२५

या उठणाऱ्या नॉइजचा माग काढला. आता एकच सूर दिला : ७.००० मेगाहर्ट्झ. रिसीव्हर ७.००२ वर ठेवला. सूर वाढवत गेलो तेव्हा उणे ४८ डीबीएमलाच संचाचा नॉइज ३ डेसिबलने चढला. म्हणजे दोन किलोहर्ट्झ अंतरावर डायनॅमिक रेंज फक्त ८४ डेसिबल, आणि त्यात मिक्सरचा काहीही दोष नाही. यातून ५०० हर्ट्झचे २७ डेसिबल धरून ऑसिलेटरचा फेज नॉइज काढता येतो : वाहकाच्या १११ डेसिबल खाली, दर हर्ट्झमागे. वीस किलोहर्ट्झ अंतरावर हीच चाचणी ९९ डेसिबल देते, म्हणून गेल्या आठवड्यात ९७ पर्यंत मजल मारता आली.

एसआय५३५१ ला मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्ट रेग्युलेटरवरूनच वीज जात होती. त्याला वेगळा कमी नॉइजचा रेग्युलेटर आणि फेराइट मणी दिला आणि ८४ चे ९० झाले.

१८ जानेवारी २०२५

ऑसिलेटरच कारण आहे याची अंतिम खात्री करण्यासाठी एसआय५३५१ काढून त्याच्या जागी १६.००० मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल ऑसिलेटर बसवला. आमच्या फिल्टरचा मध्य ८.९९८ वर असल्याने रिसीव्हर आपोआप ७.००२ ऐकू लागतो, त्यामुळे चाचणीची बाकी मांडणी जशीच्या तशी राहिली. आता सूर उणे २४ डीबीएमपर्यंत नेला तेव्हा नॉइज ३ डेसिबलने चढला. १०८ डेसिबल! या पातळीला क्रिस्टल फिल्टरमधून झिरपणारा मूळ सूर २.७ किलोहर्ट्झवर दिसू लागला होता, म्हणून नॉइज मोजताना स्पेक्ट्रममधला तेवढा भाग वगळला. गेन मात्र इथेही दबलेले नव्हते. मिक्सर तोच, अँप्लिफायर तोच, आणि केवळ ऑसिलेटर बदलल्याने १८ डेसिबलचा फरक पडतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मिक्सरच्या इंटरसेप्टवरच सगळी चर्चा करण्याची सवय किती एकांगी आहे हे पटते. अमेरिकेतील एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेची प्रयोगशाळा २०, ५ आणि २ किलोहर्ट्झ अशा तिन्ही अंतरांवर वेगळे आकडे देते, ते याचसाठी.

क्रिस्टल ऑसिलेटर असतानाच ७.००० आणि ६.९९८ ही जोडी लावली; तिचे मिश्रण बरोबर ७.००२ वर पडते. प्रत्येक सूर उणे ३९ डीबीएम, फरक ९३ डेसिबल. पण इथे आलेखाचा चढ तीन राहिला नाही, २.४ च्या आसपास आला. दोन्ही सूर आता अँप्लिफायरमधून वाढून थेट क्रिस्टल फिल्टरच्या कडेवर येतात, आणि क्वार्ट्झ स्वतः घनाचा (एका डेसिबलमागे तीनचा) नियम काटेकोरपणे पाळत नाही. अशा स्थितीत इंटरसेप्टचा आकडा लिहिणे मला योग्य वाटत नाही, कारण तो ज्या पातळीवरून काढाल त्याप्रमाणे बदलेल. म्हणून नोंदवहीत फक्त सुरांची पातळी आणि फरक लिहिला आहे.

२५ जानेवारी २०२५

संचाचे आकडे आता असे वाचावे लागतात. दूरच्या प्रबळ केंद्रांसमोर, म्हणजे वीस किलोहर्ट्झ आणि त्यापलीकडे, ९७ डेसिबल मिश्रणाने मर्यादित आहेत. शेजारच्या हॅमसमोर, दोन किलोहर्ट्झवर, ९० डेसिबल फेज नॉइजने मर्यादित आहेत, आणि तो अडसर दूर केला तरी ९३ वर क्रिस्टल फिल्टर थांबवतो. तेव्हा ऑसिलेटरमध्ये तीन-चार डेसिबलपेक्षा अधिक सुधारणेसाठी खर्च करण्यात आज अर्थ नाही.

एसआय५३५१ परत बसवला असून वेगळा रेग्युलेटर कायम ठेवला आहे. तोंडाशी १० आणि २० डेसिबलची दोन पॅडे स्विचवर घेतली आहेत. पुढचे काम लॅडर फिल्टरचे आहे : त्याच बॅचमधील क्रिस्टल एकेक करून याच दोन सुरांखाली तपासायचे, ज्यांचे मिश्रण कमी भरेल ते पहिल्या दोन जागांवर लावायचे, आणि ७.००२ वरचे वाचन पुन्हा घ्यायचे.